चढलेला आकडा

लघवीच्या नमुन्यातल्या ल्युकोट्राइन या दमा भडकवणाऱ्या रसायनाचा आकडा उतरायला हवा होता. तो तिप्पट चढला होता. तंत्रज्ञ बाईंनी चाचणी पुन्हा लावली. आकडा हटून बसला.

नमुना त्यांच्या थोरल्या भावाचा होता. दादा तीस वर्षं बेकरीत पीठ मळत आला होता आणि वर्षभर त्याचा दमा वाढत चालला होता. पिठाचीच ॲलर्जी असेल, तर आठ दिवस भट्टीपासून लांब राहिल्यावर आकडा खाली येईल, असं डॉक्टरांचं गणित होतं.

"हे गृहस्थ काही घरी बसलेले नाहीत," डॉक्टर म्हणाले. "लपूनछपून जाणाऱ्याचं कामच बंद करावं लागतं. उद्या तसं पत्र देतो."

भट्टीशिवाय दादाला काही येत नव्हतं. घरी दूध तापवायला ठेवलं तरी तो उतू घालवायचा. बाई संध्याकाळी तडक त्याच्याकडे गेल्या.

"दादा, खरं सांग. गेला होतास ना?"

"छकुले, त्या गल्लीतसुद्धा फिरकलो नाही. विचार तुझ्या वहिनीला." वहिनीच्या पोटात खोटं राहत नसे. तिनंही मान डोलावली. "दाढेनं जीव नकोसा केला होता, बाहेर कुठला पडतोय?" दादा म्हणाला.

"दाढेवर काय घेतलंस?"

"तू पर्समधून दिलेल्या गोळ्या. छाती मात्र त्या दिवसापासून जास्तच भरली."

बाईंच्या आता सगळं लक्षात आलं. पेशींमधल्या चरबीपासून शरीर निरोप पोचवणारी दोन तऱ्हेची रसायनं बनवतं. दुखण्यावरची गोळी एक वाट बुजवते. मग काही दमेकऱ्यांत सगळा माल दुसऱ्या वाटेला, ल्युकोट्राइनकडे वळतो आणि श्वासनळ्या आवळतात. प्रयोगशाळेत शिकायला येणाऱ्या नव्या मुलींना हे त्या दरवर्षी फळ्यावर काढून दाखवत. दिव्याखाली अंधार म्हणतात, तो असा. लाजेनं त्यांना भावाकडे बघवेना.

त्यांनी तिथूनच डॉक्टरांना फोन लावून सगळं सांगितलं.

"पण गोळी दिली कोणी?"

"मी."

"मग पत्र राहू दे. पंधरा दिवस गोळी नाही, भट्टीही नाही. परत तपासू."

फोन ठेवल्यावर बाईंचा नेहमीचा आवाज परत आला. "यापुढे मला विचारल्याशिवाय कुठलीही गोळी घ्यायची नाही."

दादानं आधी दम खाल्ला.

"विचारूनच घेतली होती," तो म्हणाला.