लागलेली नोकरी

पॉवर प्रेसखाली उजव्या हाताची तीन बोटं गेली तेव्हा वर्षाली चौतीस वर्षांची होती. चाकणच्या त्या शेडमधल्या हजेरीत तिचं नावच नव्हतं, ठेकेदाराची माणूस ती. टाके पडले आणि आठवड्याभरात 'आता येऊ नका' असा निरोपही आला. नवरा चार वर्षांपूर्वीच घर सोडून गेलेला. दापोडीच्या खोलीत ती आणि तिची आई शालनबाई, दोघीच.

दिव्यांग सर्टिफिकेट मिळायला सात महिने गेले. ते हातात आल्यावर तिने दोन अर्ज टाकले, एक निराधार पेन्शनचा, एक नोकरीचा. नोकरीचं बोलावणं आधी आलं. पिंपरीत एका हॉलमध्ये दिव्यांगांचा रोजगार मेळावा होता. वीस जणांना स्टेजवर बोलावून नियुक्तिपत्रं दिली. फोटोवाला म्हणाला, "ताई, हात जरा वर घ्या, दिसू द्या."

मेल्याहून मेल्यासारखं झालं तिला. पण नोकरी मिळतेय म्हणून तिने हात वर धरला.

सोमवारी ती पत्रावरच्या कंपनीत गेली. तासभर गेटवर उभी राहिल्यावर एचआरचे सुजित साहेब बाहेर आले. त्यांनी पत्र उघडलंसुद्धा नाही.

"मेळाव्याचं ना? जागा निघाली की फोन करू."

"साहेब, यात लिहिलंय, आजपासून हजर व्हा. पॅकिंगला."

"अहो, मेळाव्याला आकडा द्यावा लागतो. वीस पाहिजेत म्हणाले, आम्ही वीस दिले. मी तरी काय करणार?"

फोन काही आला नाही. दोन महिन्यांनी ती पेन्शनचं विचारायला कचेरीत गेली, तर तो अर्ज नामंजूर. क्लार्कने कॉम्प्युटर तिच्याकडे वळवला. तिचाच फोटो, हात वर केलेला. खाली लिहिलेलं, 'नोकरी प्राप्त.'

"तुम्हाला नोकरी लागलीय बाई. कमावत्या माणसाला निराधार कसं दाखवू?"

वर्षाली ओरडली, "कुठेय ती नोकरी? न्या मला तिथं. आत्ता नेऊन बसवा, पेन्शनचा अर्ज मी तुमच्यासमोर फाडते!"

"ओरडू नका. ते खातं वेगळं, हे वेगळं."

घरी आल्यावर तिने सगळं आईला सांगितलं. शालनबाई म्हणाली, "जाऊ दे माय. सरकारसंगं कुठं भांडत बसतीस?"

"बोटं गेली तवाबी तू हेच म्हणालीस, आई. अजून काय काय जाऊ देऊ?"

मेळाव्यावाल्यांनी उमेदवारांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला होता. त्यातले नंबर काढून तिने एकेकाला फोन लावले. एकालाही नोकरी नव्हती. पुनावळ्याचा चिमाजी, लहानपणी पोलिओने पाय गेलेला, हळूच म्हणाला, "ताई, मला वाटलं, माझ्यातच काहीतरी खोट असंल. म्हणून कुणाला बोललोच न्हाई मी."

एवढा वेळ तिला स्वतःसाठी राग होता. चिमाजीचं ऐकून तिने सगळ्यांना पुन्हा फोन लावले आणि खात्याच्या तक्रार दिवसाला यायला सांगितलं.

त्या दिवशी खात्याच्या ऑफिसात अकरा जण जमले. मेळावा भरवणाऱ्या खात्याच्या अधिकारी मृदुला मॅडम सगळ्यांचं ऐकून घेऊन म्हणाल्या, "ठीक आहे, चौकशी करते."

"चौकशी करा," वर्षाली म्हणाली, "पण आधी लिहून द्या. या बाईला नोकरी लागलेली नाही. एवढं एकच वाक्य."

"असं लिहून देता येत नाही."

"लागली असं लिहिता आलं की! तेव्हा कुणाला विचारलं होतं?"

चिमाजी कुबडी भिंतीला लावून खाली फरशीवर बसला. मग एकेक करत सगळेच बसले. दारातून आत यायला वाट राहिली नाही. शेवटी मॅडमनी कंपनीत फोन लावला आणि स्पीकर चालू केला, यांचं तोंड एकदाचं बंद व्हावं म्हणून.

पलीकडून सुजित म्हणाला, "मॅडम, असं काय करताय? आकडा तर तुमच्याच ऑफिसने मागितला होता."

मॅडमनी झटकन फोन बंद केला. पण अकरा जणांनी ऐकलं होतं.

"आता टाइप करा," वर्षाली म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता, तरी बाहेरचा शिपाई आत डोकावून गेला.

चार वाजेपर्यंत अकरा पत्रं निघाली, सहीशिक्क्यासकट. आपलं पत्र वर्षालीने पेन्शनच्या कचेरीत दिलं आणि पुढच्या महिन्यात तिची पेन्शन मंजूर झाली. शालनबाईने शेजारी साखर वाटली. वर्षालीने मात्र चिमूटभरही तोंडात टाकली नाही. काम कुणालाच मिळालं नव्हतं. उरलेले नऊ जण अजून कॉम्प्युटरवर नोकरीलाच होते. तेव्हा कुणाला यायला सोबत मिळाली नव्हती, कुणी भीतीने आलं नव्हतं.

तिने मोबाईल डाव्या हातात धरला आणि त्या नऊ जणांतल्या पहिल्याला फोन लावला.

"पुढच्या तक्रार दिवसाला यायचंय," ती म्हणाली. "येणार का, ते विचारत नाहीये मी."