ओढा गल्लीची भाकरी

रविवारी सकाळी सहाला सर्जेराव तात्यांची शिट्टी वाजली, तेव्हा रंगूबाईच्या तव्यावर चौथी भाकरी होती. "आले, आले! जरा दम खावा की!" ती खिडकीकडं तोंड करून ओरडली आणि तिनं पाचवी थापायला घेतली.

तिच्या उजव्या हाताचं अंगठ्याशेजारचं बोट अर्धंच होतं. गावाकडं, निरवांगीला असताना, दुसऱ्याच्या गोठ्यात कामाला जायची तेव्हा, कडबाकुट्टीच्या यंत्रात ते गेलं. त्याला आता तीस वर्षं होऊन गेली. पण त्या अर्ध्या बोटापायी भाकरी थापताना कडेला एका जागी पीठ नीट दबायचंच नाही, आणि भाकरी भाजून निघाली की तिथं बोटाएवढा उंचवटा राहायचा. समाधान, तिचा मुलगा, लहानपणापासून चिडवायचा, "आई, तुझ्या भाकरीवर तुझी सही असती बघ. चोरीला गेली तरी सापडंल."

समाधान आता लोणी देवकरच्या कारखान्यात कायम झाला होता. सहा वर्षांपूर्वी त्यानं इंदापुरात, या ओढा गल्लीत, दोन खोल्यांचं घर घेतलं. गल्लीत चाळीस घरं. बौद्धाचं घर हे एकच. घर घेतलं तेव्हा रंगूबाई बोचकी सोडायला तयार नव्हती, पण सून तेजश्री म्हणाली, "आत्या, हे काय निरवांगी न्हाय. हितं कुणाला कुणाचं पडलेलं नसतं." आणि सहा वर्षं खरोखरच कुणी वेडंवाकडं बोललं नाही. तसं कुणी फारसं बोललंच नाही म्हणा!

मग ओढ्याचं काम निघालं.

गल्लीच्या मागून वाहणाऱ्या ओढ्याची साऱ्यांनी मिळून पार दैना केली होती. प्लास्टिक, गाद्या, मेलेली कुत्री, लग्नातल्या पत्रावळ्या, काय नव्हतं त्यात? डासांनी पोरं आजारी पडत होती. अर्ज देऊन देऊन लोक थकले. शेवटी शाळेतून क्लार्क म्हणून निवृत्त झालेल्या सर्जेराव तात्यांनी मनावर घेतलं. दर रविवारी घरटी एक माणूस, सकाळी सहा ते दुपारी बारा. ओढा साफ करायचा आणि काठावरच्या उकिरड्याच्या जागी बाग करायची. जेवायचं गावाकडच्या भंडाऱ्यासारखं: प्रत्येक घरातून पाच भाकरी, त्या एका जागी रचायच्या, आणि आमटी तात्यांच्या घरची. कुणाच्या वाट्याला कुणाची भाकरी येईल याचा नेम नाही. सारी गल्ली एका घरची!

पहिल्या रविवारी तात्यांची बायको विजयमाला स्वतः दारात आली होती. "रंगूबाई, पाच भाकरी द्या बरं का. दुरडी माझ्या ओट्यावर हाय, तितं आणून ठेवा."

निरवांगीत भंडाऱ्याच्या भाकरी गोळा करणारी बैलगाडी यायची, ती त्यांच्या वस्तीच्या अलीकडच्या वळणावरून माघारी फिरायची. लहानपणी ती आणि तिच्या बहिणी बांधावर उभ्या राहून ती गाडी बघायच्या. भाकरी मागायला आजवर कुणी आलं नव्हतं. जेवायला बोलवायचे, लांब बसवायचे, वरून वाढायचे. आणि आज गल्लीतली मोठी बाई दारात उभी राहून भाकरी मागत होती. त्या दिवशी रंगूबाईनं पाचाऐवजी सात थापल्या. दोन मनासारख्या झाल्या नाहीत म्हणून घरात ठेवल्या आणि चांगल्या पाच पांढऱ्या फडक्यात बांधून नेल्या.

तेव्हापासून ती कामाला जी लागली ती लागलीच. रस्त्याखाली मोरीचा नळा होता. माणूस वाकून जाईल एवढाच, आणि सारा ओढा तुंबला होता तो तिथंच. आत कोण उतरणार? एकाची कंबर धरली होती, एकाला वासाची ॲलर्जी होती, कॉलेजातली पोरं फोटो काढत होती. तात्यांनी इकडं तिकडं पाहिलं आणि त्यांची नजर बरोबर रंगूबाईवर येऊन थांबली.

"रंगूबाई, तुमच्याबिगर हे व्हायचं न्हाय."

वाचकहो, त्या नजरेला चाळीस घरांतून तेच एक घर कसं सापडलं, हे तिनं त्या वेळी स्वतःला विचारलं नाही. ती कौतुकानं फुलून गेली होती. पदर खोचला, गुडघाभर घाणीत उतरली, आणि सहा रविवार त्या नळ्यातून पाट्या भरभरून गाळ काढला. पाणी पहिल्यांदा खळखळून वाहिलं तेव्हा सारी गल्ली टाळ्या वाजवत होती. दुपारी ती पंगतीत बसायची, कुणाच्या तरी घरची भाकरी आमटीत कुस्करायची आणि घरी येऊन सुनेला सांगायची, "आज वाणीणबाईची भाकरी आली माझ्या पानात. मिठाचा पत्ताच न्हाय! माझी कुणाला गेली असंल गं?"

तेजश्री हसायची. समाधान मात्र मोबाईलमधून मान वर करायचा नाही.

तर हा बारावा रविवार. काम पुरं झालं होतं. बाकडी बसवली, कडेनं कडुलिंबाची आणि करंजाची रोपं लावली, "लोकसहभागातून उभारलेली बाग" अशी पाटी लागली. दुपारी एकला नगरपालिकेचे साहेब फीत कापायला यायचे होते, त्याआधी जेवणं उरकायची होती. रंगूबाई मोरीवरून शेवटचा हात फिरवून आली. पाय चिखलानं भरलेले. अशा पायांनी पंगतीत कसं बसावं, म्हणून ती कोपऱ्यावरच्या भामाबाईच्या गोठ्यात शिरली. तिथं हौद होता.

भामाबाई एकटी राहायची आणि दोन जर्सी गाईंवर तिचं पोट होतं. ती गाईपुढं हात चोळत उभी होती.

"काय गं भामे, तोंड का पाडलंस?"

"आगं, गाय माजावर हाय. सकाळधरनं वैरणीला तोंड लावंना. भाकरीसुदिक हुंगून सोडली बघ! येरवी चवीनं खाती."

रंगूबाईनं पाय धुता धुता गव्हाणीत पाहिलं. कडब्यावर पाच भाकरी पडल्या होत्या. एकावर एक, जशा फडक्यातून काढल्या तशाच. वरच्या भाकरीच्या कडेला बोटाएवढा उंचवटा होता.

तिनं ती उचलली. खालची उचलली. पाचही उलटून पालटून पाहिल्या.

"ह्या कुणी दिल्या?"

"विजयमालावैनी देत्यात की दर रईवारी. सकाळीच आणून टाकत्यात. म्हणत्यात, जास्तीच्या हायेत, गाईला घाल." भामाबाईच्या मनात काही पाप नव्हतं. तिला वाटलं, रंगूबाईला हिशेब हवा आहे. "एकदा बी चुकल्या न्हाईत. पयल्या रईवारपासनं पाच म्हंजी पाच."

रंगूबाई हौदाच्या कडेवर बसली. तिचा एक पाय धुतलेला होता आणि एक तसाच चिखलाचा. बारा रविवार. वाणीणबाईच्या पानात, तात्यांच्या पानात, त्या कॉलेजातल्या पोरांच्या पानात आपली भाकरी जाते, असं समजून ती निवडून निवडून ज्वारी दळत होती. तिनं त्या पाच भाकरींवरचा कडबा झटकला, पदरात घेतल्या आणि तशाच पायांनी बागेत आली.

पंगत बसली होती. पत्रावळीवर आमटी वाढून झाली होती आणि विजयमाला दुरडी घेऊन भाकरी वाढत होती. रंगूबाई तिच्यासमोर उभी राहिली आणि तिनं पदर उघडला.

"वैनी, ह्या माझ्या हायेत ना?"

विजयमालेच्या हातातली भाकरी हातातच राहिली. "रंगूबाई, आता जेवायच्या टायमाला..."

"माझ्याच हायेत. बोट बघा. ह्या गाईच्या गव्हाणीत कशा गेल्या?"

"हळू बोला हो. लोकं बघत्यात." विजयमालेचा आवाज खरंच कळवळलेला होता. ती बाई दुष्ट नव्हती, हेच तर सांगायचं आहे. "तुमचं मन मोडू नये म्हणून तर केलं मी. घेत न्हाय म्हणलं असतं तर तुमाला किती लागलं असतं! घरात सासूबाई हायेत, देवाचं हाय, आणि चाळीस घरांतल्या कुणाला चालतंय, कुणाला न्हाय. मी काय एकटी हाय का ठरवणारी?"

"म्हंजी सगळ्यांना ठावं हाय?"

वाणीणबाई पत्रावळीकडं बघत होती. एका गुरुजींनी मोबाईल कानाला लावला, तो वाजला नव्हता तरी. रंगूबाई एकेकाच्या तोंडाकडं बघत गेली आणि एकेक तोंड खाली होत गेलं.

"मोरीत उतरताना ह्योच हात चालला की वो तात्या! तवा न्हाय कुणाचा देव बाटला?"

"रंगूबाई, आज नको," सर्जेराव तात्या उठून जवळ आले. "तुमचं खरं हाय. एकशे एक टक्का खरं हाय. पण साहेब यायला अर्धा तास ऱ्हायलाय. आपल्या गल्लीची आब जाईल. आपण मागनं बसून बोलू."

"मला भाषण नको, तात्या. एक घास घ्या. तुमी न्हायतर दुसरं कुणी बी. चाळीस घरांतल्या एकानं. घास घेतला की मी गप घरी जाते, साहेबाफुडं तोंड उघडत न्हाय."

तिनं एक भाकरी पुढं केली. तात्यांचा हात उठला. खरंच उठला, साऱ्यांनी पाहिला. मग त्यांनी विजयमालेकडं बघितलं, मागं बसलेल्या भावकीकडं बघितलं, आणि तो हात त्यांच्याच डोक्यावरची टोपी सारखी करून खाली आला.

रंगूबाईनं भाकरी परत पदरात घेतली. मग कुणीतरी मागून तिचा दंड धरला. समाधान होता. "आई, चल घरी," तो दबक्या आवाजात म्हणाला.

ते दोघं गल्लीतून घरी आले. फीत कापल्याचा टाळ्यांचा आवाज आला तेव्हा तेजश्री सासूचा दुसरा पाय धूत होती.

"बगितलंस का रं, काय केलं त्यांनी?" रंगूबाई म्हणाली.

समाधान बाबासाहेबांच्या फोटोखाली खाली मान घालून बसला होता. "आई, मला ठावं व्हतं."

"काय?"

"तिसऱ्या रविवारी बघितलं मी. वैनी गोठ्यात भाकरी टाकत व्हत्या." त्यानं खिशातला मोबाईल काढून उलटा ठेवला. "तू किती खुशीत असायचीस. आणि मला बी लोकं समाधानभाऊ, समाधानभाऊ करायला लागली व्हती. म्हणलं, भाकरीचं काय एवढं... जाऊ दे."

तेजश्रीचा हात तांब्यावरच थांबला. रंगूबाईनं मुलाकडं पाहिलं आणि तिला मघाचं सारं काही हलकं वाटलं, इतकं हे जड होतं. ती आत जाऊन भिंतीकडं तोंड करून पडली.

पुढच्या रविवारी बागेच्या निगराणीसाठी शिट्टी वाजली, पण ती गेली नाही. त्याच्या पुढच्याही नाही. तिसऱ्या रविवारी सर्जेराव तात्या स्वतः आले. दारातच उभे राहिले, पण चेहरा उजळलेला होता.

"रंगूबाई, मीटिंग घेतली मी. तुमच्यासाठी घसा कोरडा केला. आणि मार्ग काढला!"

तिनं मान वर केली. खोटं कशाला सांगू, तिच्या मनात पुन्हा काहीतरी हललं.

"आता कुणाच्याच घरची भाकरी न्हाय. एकदम बंद! स्टँडवरनं वडापाव आणायचे. सगळ्यांना सारखे, कुणाला कमी न्हाय, जास्त न्हाय. भेदभावाची भानगडच मिटवली. मग येताय ना? मोरी पुन्हा तुंबलीया, आणि आत उतरायला तर कुणी तयार व्हईना."

भला माणूस होता तो. त्याला मनापासून वाटत होतं, आपण न्याय केला.

"उन्हाचं आलाय," रंगूबाई म्हणाली. "आत या. च्या टाकते."

"न्हाय, न्हाय," तात्या घाईनं म्हणाले. "आत्ताच झाला घरी."

ते गेले. मोरी तुंबली ती तुंबलीच. महिन्याभरात पाणी बागेत शिरलं, करंजाची रोपं नासली, बाकड्याखाली पुन्हा पत्रावळ्या साचल्या. गल्लीत म्हणतात, लोकांत एकीच राहिली नाही, आणि त्यावर सुस्कारे टाकतात. समाधान गल्लीच्या ग्रुपवर अजून आहे. त्याची आई त्याच्याशी बोलते, जेवायलाही वाढते, पण "आज कुणाची भाकरी खाल्ली" असं काही सांगत नाही.

मात्र रविवारी सकाळी तिचा हात ऐकत नाही. घरच्यांपुरत्या झाल्या तरी पाच जास्तीच्या थापल्या जातात. तेजश्री म्हणते, "आत्या, कुणाला एवढ्या?" ती त्या भाकरी फडक्यात गुंडाळून ठेवते आणि सोमवारी, मंगळवारी शिळ्या करून खाते. गाईला मात्र घालत नाही.

कधी इंदापुरात आलात तर ओढा गल्ली विचारा. वासावरूनच सापडेल. शेवटच्या घराचं दार उघडं असतं. रंगूबाई तुम्हाला बसा म्हणेल, आणि रविवार असेल तर फडकं सोडून भाकरी पुढं करील; कडेला बोटाएवढा उंचवटा असलेली. तुमचे विचार फार पुढारलेले आहेत, हे मला ठाऊक आहे. पण सर्जेराव तात्यांचेही होते. तेव्हा हात पुढं करण्याआधी तुम्ही मागं वळून कुणाकडं बघता, एवढंच ती बघत असेल.