मंजुळाबाईंचा प्रवाळ

भटूआबा धुळ्याहून एसटीने जळगावला पोचले तेव्हा बारा वाजत आले होते. मे महिन्याच्या उन्हात रस्त्यावर नजर ठरत नव्हती. मांडीवर धरून आणलेला थर्मोकोलचा डबा त्यांनी मोहिनीच्या हातात दिला आणि पाणीही न मागता विचारलं, "वाचेल ना, ताई?"

आबा एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले मेकॅनिक. मोहिनी केळीची रोपं तयार करणाऱ्या प्रयोगशाळेत कामाला. घरात खाऱ्या पाण्याची टाकी ठेवून प्रवाळ वाढवणारी माणसं खान्देशात हातावर मोजण्याइतकी, त्यामुळे दोघांची ओळख फोनवरून झाली आणि टिकली. आबांच्या पत्नी मंजुळाबाई आठ दिवसांपासून दवाखान्यात होत्या, पित्ताशयाचं ऑपरेशन झालेलं. आबा त्यांच्या उशाशी. इकडे घरी टाकी थंड ठेवणारा चिलर बंद पडला आणि पाणी तापत गेलं. टाकीतलं जवळजवळ सगळं गेलं. उरला होता तो सात तोंडांचा, म्हणजे सात फांद्यांच्या टोकांना सात जिवंत तोंडं असलेला प्रवाळ, मंजुळाबाईंचा लाडका.

"त्याला फक्त उष्णता बाधलीय," आबा फोनवर म्हणाले होते.

मोहिनीने मागच्या ओट्यावर डबा उघडला. सडका वास नाकात शिरला. प्रत्येक तोंडावर एरवी बोटभर लांबीचे सोनेरी धागे हलत असतात, ते आकसून पांढरे पडले होते. त्यातल्या तीन तोंडांवर शेंबडासारखा तपकिरी थर होता.

तिने हात मागे घेतला. "आबा, हे कधीपासून?"

"काल... परवापासून."

"फोनवर का नाही सांगितलं? हा रोग पाण्यातून पसरतो. माझी सहा वर्षांची टाकी आत आहे."

"सांगितलं असतं तर येऊ दिलं असतं का?"

मोहिनीने डब्याचं झाकण परत लावलं. तिने नसतंच येऊ दिलं. दोन वर्षांपूर्वी याच रोगाने तिची अर्धी टाकी चार दिवसांत खाल्ली होती.

रागातच तिने घरातून वेगळी बादली, वेगळे हातमोजे, वेगळा चिमटा आणला. आतल्या टाकीच्या एकाही वस्तूला इथला थेंब लागता कामा नये, हे तिने आबांना दोनदा बजावलं. सिरिंजने तपकिरी थर ओढून घेतला, आयोडीनच्या द्रावणात प्रवाळ दहा मिनिटं बुडवला. मग कटर उचलला.

"तीन सडलीत. त्यांना चिकटलेलं चौथंही कापते."

"ते तर चांगलं दिसतंय!" आबांनी तिचं मनगट धरलं आणि लगेच सोडलं. "ते नका कापू, ताई. तिला मी सांगितलंय, बठ्ठं ठीक शे, काही बिघडलं नाही."

प्रयोगशाळेत मोहिनी रोज शेकडो कोंब कापते. संशय आला की रोप फेकायचं, तिथे विचार करायचा नसतो. पण आबांच्या डोळ्यांकडे बघून तिने तीनच तोंडं कापली. उरलेली चार वेगळ्या काचेच्या डब्यात, छोट्या पंपाच्या मंद प्रवाहात ठेवली. आबा संध्याकाळच्या गाडीने परत गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी चौथं तोंड विरघळून गेलेलं होतं, आणि त्याच्या शेजारच्यावर तपकिरी ठिपका उमटला होता. मोहिनीला स्वतःचीच चीड आली. काल हात आखडला नसता तर आज चारातली तीन उरली असती. तिने दोन्ही कापून टाकली. उरली दोन.

त्याच दुपारी वीज गेली. इन्व्हर्टरवर आतली टाकी चालली असती किंवा हा डबा आणि एक पंखा. टाकी मोठी, तिचं पाणी तापायला वेळ लागणार. डब्याला अर्धा तासही पुरे होता. तिने टाकीची वायर काढली, डब्याची लावली. फ्रीजरमधल्या बर्फाच्या बाटल्या एकेक करून दोन्हीकडे सोडत ती टाकीच्या थर्मामीटरसमोर बसून राहिली. सव्वीस, सत्तावीस, अठ्ठावीस. साडेअठ्ठावीस अंश झालं; याहून फार वर गेलं तर प्रवाळ तग धरणं कठीण. आता आपलीही टाकी जाणार, असं तिला वाटलं. अडीच तासांनी दिवे आले.

तिने आबांना फोन लावला. "दोनच उरलीत. काकूंना आता खरं सांगा."

"तिचे टाके ओले आहेत अजून. नंतर सांगतो."

तासाभराने त्याच नंबरवरून फोन आला. आवाज मंजुळाबाईंचा होता.

"मोहिनीताई, हे घरी आंघोळीला गेलेत, फोन इथेच राहिलाय. किती जित्तं शे?"

मोहिनीने सगळं सांगितलं. चौथं तोंड वेळेवर न कापल्याचंही सांगितलं.

"मले वाटलंच व्हतं," मंजुळाबाई म्हणाल्या. "आठ दिवस विचारते, पाण्यात काय चाललंय, तर हे मोसंबी सोलत बसतात." मग आवाज सावरून त्यांनी विचारलं, "काही खातात का ते?"

"तोंडच उघडत नाहीत."

"पंप बंद करा. आधी कोळंबीचं नुसतं पाणी सोडा. दहा-पंधरा मिनिटं थांबा, घाई नका करू. मग अगदी मोहरीएवढा तुकडा द्या."

मोहिनीने तसं केलं. एका तोंडाने तुकडा धरलाच नाही. दुसऱ्याचे दोन-तीन धागे वाकले, तुकडा चिकटला आणि हळूहळू आत ओढला गेला. ती श्वास रोखून बघत होती.

न खाणारं तोंड नवव्या दिवशी गेलं. खाणारं टिकलं. तिसऱ्या आठवड्यात पांढऱ्या धाग्यांच्या बुडाशी तांबूस छटा आली, पावसाळा सरता सरता ते पुरतं सोनेरी झालं. आतल्या टाकीला रोग लागला नाही. तरी त्या चार महिन्यांत मोहिनी रोज कामावर जाण्याआधी बॅटरी घेऊन एकेक प्रवाळ तपासत होती.

सप्टेंबरात आबा न्यायला आले. नवा चिलर आधी तीन आठवडे चालवून, पाण्याचे आकडे रोज पाठवून मगच. डब्यात त्यांनी बाहेरून दिसेल असा थर्मामीटर बसवला होता. परत जाताना एरंडोलहून त्यांचा फोन आला, "सव्वीस." पारोळ्याहून आला, "साडेसव्वीस, पण गाडी उन्हात उभी शे." मग बराच वेळ फोन नाही. मोहिनी कामावर होती, हातमोजे काढून सारखी मोबाइल बघत होती.

साडेपाचला मंजुळाबाईंचा फोन आला.

"टाकीत सोडलं. आकसलंय अजून. हे काचेला नाक लावून बसलेत, उठतच नाहीत."

"राहू द्या बसलेले," मोहिनी म्हणाली. "टाकीचे दिवे मात्र आज लावू नका, प्रवासाने दमलंय ते."