यूपीएसवरची चांदणी

याकोब गुरुजींना दोन गोष्टींचा भारी अभिमान. एक आपल्या शुद्धलेखनाचा आणि दुसरा नाताळात आपल्या ओट्यावर चढणाऱ्या चांदणीचा. शुद्धलेखनात त्यांना राहुरीत स्पर्धक उरला नव्हता, कारण लोकांनी त्यांना लग्नपत्रिका दाखवायचंच सोडून दिलं होतं. चांदणीच्या बाबतीत मात्र समोरच्या घरात नॅथन बसला होता.

नॅथन साखर कारखान्यातला निवृत्त फिटर. गेल्या नाताळात कॅरल गाणारी मंडळी गल्लीत शिरली आणि नेमकी लाईट गेली. गुरुजींची चांदणी विझली, नॅथनची इन्व्हर्टरवर झगमगत राहिली. "गुरुजी, चांदणीच्या मागून येणारे तिन्ही राजे आता आमच्याच घरी मुक्कामाला!" नॅथन गच्चीवरून ओरडला. ते वाक्य गुरुजींच्या घशात वर्षभर अडकून होतं. यंदा त्यांनी चांदणीत दोनशे वॅटचा बल्ब घातला, तिची वायर खिडकीतून आत ओढली आणि कॉम्प्युटरच्या टेबलाखालच्या यूपीएसमध्ये खोचली. लाईट गेल्यावर कॉम्प्युटरला थोडा वेळ तग धरायला लावणारा तो डबा आता चांदणीलाही धरील, असा हिशेब. "यंदा यूपीएसवर आहे म्हटलं!" हे त्यांनी नॅथनला ऐकवलंसुद्धा.

घरात मात्र त्या दिवसांत वेगळीच धांदल होती. चर्चमध्ये नाताळचं कीर्तन करणारे जॉय मास्तर लेकाकडे गेले होते, ते नाताळला येणार नव्हते. रविवारच्या त्या कीर्तनासाठी पाळकसाहेबांनी गुरुजींच्या बायकोला, मरियाबाईंना विचारलं. मरियाबाई तरुणपणापासून कीर्तनाच्या मागे झांज धरून उभ्या राहिलेल्या. पुढे उभं राहायचा विचार त्यांच्या मनात कितीदा आला असेल ते त्यांनाच ठाऊक, पण त्या पटकन "व्हय" म्हणाल्या आणि मग आठवडाभर त्यांना झोप आली नाही. आजवर या चर्चमध्ये बाई कीर्तनाला उभी राहिली नव्हती.

त्यांनी कीर्तन कॉम्प्युटरवर लिहायला घेतलं. चष्म्याचा नंबर वाढलेला, तिथं अक्षर हवं तेवढं मोठं करता येतं. शिवाय खोडलेलं दिसत नाही. पण गुरुजींना त्यांनी एक ओळ दाखवली नाही. गुरुजी खोलीत आले की त्या पडद्यावरचं पान बंद करायच्या.

"अगं, निदान अनुस्वार तरी बघू दे," गुरुजी म्हणायचे.

"अनुस्वार ऐकू येत न्हाईत," मरियाबाई म्हणायच्या.

आणि अशात कॉम्प्युटर बिघडला. संध्याकाळी मरियाबाईंनी बटण दाबलं, पंखा घरघरला, पडद्यावर ठिपक्यांचं चक्र फिरू लागलं, आणि टीं टीं टीं करून सगळं काळं! टेबलाखालच्या डब्याचं बटण दाबून पुन्हा चालू करावं, तर पुन्हा तेच.

"सरक," गुरुजी म्हणाले. त्या एका शब्दात त्यांनी सगळी जबाबदारी अंगावर घेतली.

त्यांनी कॅबिनेटचं झाकण काढलं. आतली धूळ रंगाच्या ब्रशने झाडली. रॅमची पट्टी उपसून खोडरबराने घासली, कारण तसं करतात हे त्यांनी मोबाईलवर पाहिलं होतं. सगळ्या वायरी काढून पुन्हा घट्ट बसवल्या. यूपीएसमागे खोचलेल्या पिनाही एकेक दाबून पाहिल्या, त्यातली एक कुठं जाते याचा विचार न करता. बटण दाबलं. चक्र, टीं टीं टीं, काळोख.

"आत कुठंतरी शॉर्ट आहे. मदरबोर्ड गेला बहुतेक," ते म्हणाले. मदरबोर्ड हा शब्द उच्चारला की पुढे कुणी काही विचारत नाही, हा त्यांचा अनुभव.

"आन् माझं कीर्तन?"

"ते कुठं जातंय? आतच आहे."

"मी बी आतच हाय न्हवं. भायेर कशी येऊ त्याच्याबिगर?"

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टँडजवळ कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान असलेला गोरक्ष घरी आला. त्याने बटण दाबलं आणि कॉम्प्युटर शहाण्या मुलासारखा सुरू झाला. गोरक्षने गाणं लावून पाहिलं, तीन-चारदा बंद-चालू करून पाहिलं.

"गुरुजी, लई झकास चाललाय की. तुमी रबर मारलं न्हवं, त्यानंच झालं असंल."

गुरुजींची छाती फुगली. ते आपल्या रबराची हकिकत सांगत गोरक्षला कोपऱ्यापर्यंत पोचवून आले. मरियाबाईंना चर्चमध्ये बायकांच्या गाण्याच्या तालमीला जायचं होतं. आता काय, यंत्र ठणठणीत आहे, संध्याकाळी बसू, असं म्हणून त्या गेल्या.

संध्याकाळी गुरुजींनी चांदणी लावली, मरियाबाईंनी बटण दाबलं. चक्र, टीं टीं टीं, काळोख.

दुखणं डॉक्टरसमोर पळून जातं आणि घरी आलं की पुन्हा पाय पसरतं, तसा सगळा प्रकार. गुरुजींनी डबा पुन्हा चालू केला, पुन्हा बटण. पुन्हा. मधेच नॅथनची हाक आली, म्हणून ते खिडकीत गेले.

"गुरुजी, यंदा तुमची चांदणी लई लुकलुकती बरं का!"

नॅथनच्या तोंडून कौतुक! गुरुजींना क्षणभर कॉम्प्युटरचा विसर पडला. "खरी चांदणी लुकलुकतेच, नॅथन! ढिम्म पेटलेला असतो तो बल्ब!" असं सणसणीत उत्तर देऊन ते खुशीत मागे वळले, तर मरियाबाई हात मांडीवर ठेवून बसल्या होत्या.

"मी पाळकसाहेबांना न्हाई म्हनून सांगते," त्या म्हणाल्या.

"असं कसं?"

"डोक्यात सगळं हाय, पर वळीत न्हाई. कुठं काय आलं, कुठं अभंग, कुठं गोष्ट, ते समदं त्याच्यात. रविवार तोंडावर आला. एवढ्या लोकांपुढं उभं राहून मी दातखीळ बसल्यागत करू? लोक म्हनतील, बाईला उगंच उभी केली."

बोलता बोलता त्यांचे डोळे भरले. बाईने आयुष्यात एकदा स्वतःसाठी काही मागितलं आणि आपण खोडरबर घासत बसलो, असं गुरुजींना वाटलं. ते बाहेर गेले आणि चांदणीची झिरमिळ्यांची शेपटी पेरूच्या फांदीत अडकली होती ती सोडवू लागले.

आत मरियाबाईंनी डोळे पुसून, शेवटचं म्हणून, डब्याचं बटण दाबलं आणि मग कॉम्प्युटरचं. पंख्याची घरघर गुरुजींना बाहेर ऐकू आली. मग टीं टीं टीं. आणि त्यांच्या नाकासमोर चांदणी फट्‌दिशी विझली.

गुरुजी शेपटी हातात धरून तसेच उभे राहिले. वायर चांदणीतून निघून खिडकीत गेली होती. खिडकीतून कुठं गेली होती, हे सांगायला मदरबोर्डाची गरज नव्हती. एवढासा डबा, त्याच्यावर दोनशेचा बल्ब, वर कॉम्प्युटर. एका बैलाला दोन गाड्या. काल चांदणी पहिल्यांदा लागली, कालच यंत्र बिघडलं. आणि सकाळी चांदणी बंद, म्हणून गोरक्षसमोर सगळं सुरळीत!

त्यांनी चोरासारखं इकडेतिकडे पाहिलं. मग आत येऊन, "जरा एक कनेक्शन बघतो," असं पुटपुटत टेबलाखाली शिरले, चांदणीची पिन उपटली आणि खिडकीजवळच्या साध्या बोर्डात घातली.

"आता दाब."

चक्र फिरलं, फिरत राहिलं, आणि पडदा उजळला. मरियाबाईंनी टाळीच वाजवली. "आवो, काय केलंत तरी काय?"

खरं बोलायची संधी समोर उभी होती. पण गुरुजींच्या तोंडून निघालं, "लोड बॅलन्सचा प्रॉब्लेम होता." यात खोटं काही नव्हतं, एवढंच समाधान.

"तुमच्या हाताला यश हाय बघा," म्हणत मरियाबाई टाईप करायला बसल्या. गुरुजी खाटेवर टेकले. कौतुक गोड लागत होतं आणि घशाखाली मात्र उतरत नव्हतं.

आणि लाईट गेली.

गल्ली काळी झाली. गुरुजींची चांदणी विझली. समोर नॅथनची ढिम्म पेटलेली. कॉम्प्युटरचा पडदा मात्र तसाच उजेड देत राहिला.

"गुरुजीऽऽ!" गच्चीवरून आलंच. "चांदनी इझली की वो! यूपीएसवर हुती न्हवं?"

मरियाबाईंची बोटं थांबली. त्यांनी पडद्याकडे पाहिलं, मग खिडकीतून विझलेल्या चांदणीकडे, मग टेबलाखाली.

"चांदनी ह्याच्यावर हुती?"

"हुती," गुरुजी म्हणाले. इतकी वर्षं शुद्ध बोलून झाल्यावर त्यांचीही जीभ घसरली.

"म्हंजे कालपासून..."

"व्हय."

मरियाबाई आधी रागावल्या, मग हसू लागल्या. हसता हसता त्यांनी पदर तोंडात कोंबला. "मदरबोर्ड म्हनं! रबर म्हनं!" मग त्यांनी पदर सोडला आणि नवऱ्याकडे नीट पाहिलं. नॅथनपुढे अंधारात बसायची पाळी या माणसाने स्वतःच्या हाताने ओढवून घेतली होती, हे त्यांच्या ध्यानात आलं. "माझ्यासाठी काढली व्हय?"

"मग काय? राजे जाऊ देत त्याच्याकडे. कीर्तनकार माझ्या घरात आहे."

"मग ऐका आता. पर मधे एक शबुद दुरुस्त करायचा न्हाई."

टेबलाखाली डबा टीं टीं करू लागला होता. मरियाबाईंनी लिहिलेलं आधी सेव्ह केलं आणि वाचू लागल्या. नाताळच्या रात्री दारात आलेल्या अवघडलेल्या बाईला धर्मशाळेच्या मालकाने जागा नाही म्हणून दार लावलं, हे सगळ्यांना ठाऊक. पण नंतर गोठा तर मिळाला. तो झाडला कुणी? शेण कुणी काढलं, कोरडा कडबा कुणी अंथरला? मालकाची बायको आतून सगळं ऐकत होती, तिने काय केलं? गुरुजी पुढे सरकून बसले. इतकी नाताळं झाली, पण हा प्रश्न त्यांना कधी पडला नव्हता.

"नवरा निजला तशी ती उठली," मरियाबाई वाचत होत्या, "आन् खराटा घेऊन..."

डब्याने एक लांब शिट्टी मारली आणि पडदा विझला.

गुरुजी मेणबत्तीसाठी धडपडत उठले. पण मरियाबाई थांबल्याच नव्हत्या. "...खराटा घेऊन ती गोठ्यात शिरली. गाईला म्हनली, सरक बाई जरा, पाव्हनी अवघडलेली हाय." कोणती ओळ कुठं, अभंग कुठं, गोष्ट कुठं, सगळं अंधारात आपल्या पायांनी चालत येत होतं. त्या उभ्या राहिल्या, पदर खोचला आणि गायला लागल्या.

गोठा झाडिते गं बाई, गोठा झाडिते,
आल्या जिवाला या घरी जागा काढिते.

आवाज गल्लीत गेला. गच्चीवरचा नॅथन कठड्याला टेकून ऐकू लागला. दुसऱ्यांदा ध्रुपद आलं तेव्हा समोरच्या ओट्यावरून त्याच्या बायकोने, हेलनने, ते उचललं, आणि मग आणखी एकदोन दारांतून.

"काडीपेटी राहू द्या," मरियाबाई मधेच म्हणाल्या. "ताल धरा."

गुरुजींना हाताशी दुसरं काही सापडेना. त्यांनी कॉम्प्युटरचा कॅबिनेट जवळ ओढला आणि त्याच्या पत्र्यावर बोटं वाजवायला सुरुवात केली.