खिशातला फ्यूज

मी एक जुना, चिनी मातीचा फ्यूज आहे. मित्रांनो, मला पाहून तुम्ही विचाराल, "हा पांढरा ठोकळा कसला?" विचारा. मला सवय आहे. खांबावरच्या तारेला मात्र असं कधी कुणी विचारलं नाही.

मला भट्टीत भाजलं, वर झिलई दिली आणि पोटातून एक बारीक तार ओवली. वीज जास्त झाली की ती आधी वितळायची आणि पुढचं सगळं वाचायचं. दुसऱ्यांसाठी जळणं, हेच माझं काम. गावात तोवर कंदील होते. मालकांनी तेलावर चालणारं वीज-इंजिन आणलं तेव्हा लोक हसले. मालक आणि त्यांचा एकमेव लाईनमन, दोघांनी खांब पुरले, तारा ओढल्या. लाईनमन खांबावर सरसर चढायचा, म्हणून चांगल्या झुपकेदार मिशा असूनही त्याला सगळे खारूताई म्हणत. पहिल्यांदा दिवे लागले तेव्हा अख्खं गाव माना वर करून तारेकडे बघत होतं. मी इंजिनघराच्या भिंतीवर, बंद पेटीत. माझा नुसता जळफळाट झाला.

तारेचा काय तो थाट! पाखरं तिच्यावर, ऊन तिच्यावर. दिवे लागले की लोक म्हणायचे, "आली हो तार आपल्या गल्लीत!" आणि गेले की, "मेला फ्यूज, पुन्हा उडाला!" काम माझं, नाव तिचं. तुटून पडावी एकदाची, असं मी रोज म्हणायचो.

एकच सुख होतं. तारेवर काम असलं की खारूताई मला पेटीतून उपटायचा आणि सदऱ्याच्या खिशात घालून वर चढायचा. मी त्याच्या खिशात म्हणजे तारेत वीज नाही, आणि मागे कुणी सोडूही शकत नाही. तेवढा वेळ मीही तिच्या बरोबरीनं वारा खायचो.

पण एकदा दमलेला खारूताई मला खिशात घेऊनच घरी गेला. बायकोनं सदरा साबणाच्या पाण्यात भिजत घातला. संध्याकाळ झाली, दिवे नाहीत. खारूताई इंजिनघर पालथं घालतोय आणि मी त्याच्याच घरी बादलीत! काखेत कळसा, गावाला वळसा. मालक भडकले. "आजपासून फ्यूज इंजिनघराबाहेर जाणार नाही. काढलास की या फळीवर ठेवायचा."

महिन्याभरात वाऱ्यानं तार तुटली. माझ्या मनासारखं झालं. खारूताईनं मला फळीवर ठेवलं आणि शिडी घेऊन गेला. तेवढ्यात दवाखान्यातून निरोप आला, टाके घालायचे आहेत, डॉक्टर दिव्यासाठी खोळंबलेत. मालक धावत आले. मला पाहून म्हणाले, "धांदरट कुठला! तार जोडली आणि फ्यूज लावायचा राहिला!" त्यांनी मला उचललं.

खरं सांगतो, क्षणभर मी फुगलो. ती तुटलेली आणि माझ्यावाचून गाव अडलेलं! मग आठवलं, तिच्या टोकावर कुणाचे हात आहेत. पण मी ओरडणार कसा?

दारात खारूताईची बायको डबा घेऊन उभी होती. मालकांच्या हातात मला पाहिलं आणि तिचा डबाच पडला.

"मालक, थांबा! हे अजून वरच आहेत. मी आत्ता बघून आले!"

मालकांचा हात पेटीपाशीच थिजला. "मला वाटलं, काम झालं..."

"नुसतं वाटून कसं चालेल, मालक?"

तिनं मला त्यांच्या हातातून ओढून घेतलं आणि नवरा उतरेपर्यंत खांबाखाली मुठीत धरून उभी राहिली. टाके कंदिलाच्या उजेडात घातले गेले. मालकांनी स्वतःच जुनी रीत परत आणली. आणि तिनं नवऱ्याच्या सदऱ्याला माझ्या मापाचा खिसा शिवला, लाल कापडाचा, मोठ्या बटणाचा. धुण्याआधी दिसावा म्हणून.

आता पेटीत, वीज जास्त झाली की आपोआप पडणारे नवे खटके आहेत. सगळे त्यांचंच कौतुक करतात. करोत बापडे. मी खारूताईच्या बायकोच्या शिवणाच्या डब्यात, त्याच लाल खिशात पडून असतो. मित्रांनो, कुठलाही खटका दाबण्याआधी विचारा, वर कुणी आहे का. दिवा उशिरा लागला तरी चालतो.

खिडकीतून तार दिसते. आजही पाखरं तिच्यावरच बसतात. बसू देत. तिच्यासाठी कधी कुणी खिसा शिवला नाही.