तसलं काही नाही

सोललेल्या मोसंबीच्या फोडींवरचा पापुद्रा सुकत चालला होता. सकाळी बिंदुमाधवनं त्या बशीत मांडून ठेवल्या होत्या. अण्णांनी – त्याच्या थोरल्या भावानं, नरसिंहरावांनी – एकीलाही हात लावला नव्हता. ते इस्पितळाच्या खाटेवर खिडकीकडे तोंड करून पडले होते. साखरेच्या दुखण्यापायी त्यांच्या उजव्या पायाचं बोट काढावं लागलं होतं, आणि तिथलं नवं बँडेजही पुन्हा पिवळसर ओलं व्हायला लागलं होतं. जखम भरत नाही, असं सर्जन रोज म्हणत. आणि रोज ते ऐकताना आपलीच चोरी पकडली जाते आहे असं बिंदुमाधवला वाटे.

काल डॉक्टर रम्या आल्या होत्या. मनाच्या दुखण्याच्या डॉक्टर. दुखतो आहे पाय, तिथं मनाचं काय काम, असं तो स्वतःशी म्हणाला खरा... पण त्यांनी हलक्या आवाजात, कानडीत विचारलं, "जेवत नाहीत, गोळ्या गालात धरून थुंकतात. पायाच्या आधीपासून असेच होते का? झोप? रडणं?"

"छे, आमच्या घरात तसलं काही नाही."

लगेच म्हणाला होता तो – चिकपेटेतल्या आपल्या कापडाच्या दुकानात गिऱ्हाइकानं 'रंग जातो का?' विचारल्यावर म्हणावं, तसं. डॉक्टर अण्णांकडे वळल्या. अण्णांनी आधी त्याच्याकडे पाहिलं. "बिंदू सांगतो तसंच," ते म्हणाले.

तसंच... वहिनी गेल्यापासून अण्णा दुकानात कापडाचं थान उलगडत आणि मोजायचा गज हातात धरून तसेच उभे राहत, गिऱ्हाईक उठून गेलं तरी. पहाटे न्हाणीघरात नळ सोडून रडत, आणि नळाच्या आवाजातूनही ते ऐकू येई – सगळ्यांना येई, सगळे कॉफी पीत बसत. एकदा शटर ओढता ओढता ते थांबले होते. "बिंदू, सकाळी उठावंसंच वाटत नाही रे. कुणाला दाखवू या का?" कुणाला म्हणजे कुठं, हे त्याला कळलं होतं; होसूर रोडवरच्या त्या वेड्यांच्या इस्पितळाचं नाव निघालं की पेठेतली माणसं कपाळाशी बोट फिरवून हसत. आणि अनुषाचं, त्याच्या मुलीचं, तेव्हाच कुठं जुळत होतं. "हे बाहेर बोलू नका, अण्णा. पोरीचं जमू द्या."

"सरी, बरं," अण्णा म्हणाले, आणि पुन्हा कधी त्याविषयी बोलले नाहीत. साखरेची इंजेक्शनं घ्यायची त्यांनी केव्हा सोडली, ते कुणी पाहिलं नाही. अनुषाचं जमलं. मांडवात अण्णा अक्षता हातात घेऊन उभे होते – चिघळलेलं बोट मोज्यात दडवून, हसून, प्रत्येकाला जेवून जा म्हणत. आपण किती सुखानं जेवलो त्या दिवशी...

डॉक्टर रम्या आज पुन्हा खाटेशी आल्या तेव्हा तो उठून उभा राहिला.

"मी काल खरं सांगितलं नाही," तो म्हणाला. मग थानासारखं उलगडतच गेलं – वहिनी, नळ, शटर, लग्न. अण्णांनी मान वळवली.

"कशाला रे?" ते म्हणाले. "अनुषाच्या सासरी कळेल."

"कळू दे, अण्णा."

तो हे म्हणाला, आणि म्हणताच त्याच्या मनात आलं – खरंच कळलं तर? अण्णांचा चेहरा हळूहळू विस्कटला. ते रडू लागले, नळाच्या आडोशाशिवाय, घोगऱ्या मोठ्या आवाजात. शेजारच्या खाटेवरचा म्हातारा उठून बसला, त्याची सून बघू लागली. आणि बिंदुमाधवचा हात आपोआप पडद्याकडे गेला. कापड मुठीत धरून तो थांबला. हा पडदा आपण अण्णांसाठी ओढतो आहोत, की... त्याला ठरवता येईना. अण्णा रडत होते, आणि अर्ध्यावर आलेला पडदा धरून तो तसाच उभा राहिला.