चापाचा दोष

आखातातल्या फहाहीलच्या बाजारामागे सिराज मुकादमचं डिझेल पंप दुरुस्त करायचं गॅरेज होतं. हर्णैचा हा माणूस त्या भागात दोन गोष्टींसाठी ओळखला जायचा. एक म्हणजे त्याच्या हाताखालून गेलेला पंप सहसा पुन्हा रुसत नसे, आणि दुसरी त्याची रायफल. तेल कंपनीतला एक इंग्रज इंजिनिअर मायदेशी जाताना ती त्याच्याकडे सोडून गेला होता. तेव्हापासून दर हिवाळ्यात सिराज ती खांद्याला लावून आपल्या बदू, म्हणजे वाळवंटी टोळीतल्या, दोस्ताबरोबर, मुतलकबरोबर, सशांच्या मागे वाळवंटात जायचा. मुतलक पाइपलाइनवर पहारेकरी होता. त्याच्या तंबूत सिराजचा विषय निघाला की म्हणायचे, या हिंदीची गोळी रिकामी परत येत नाही. सिराज मान खाली घालून हसायचा. पण त्याला ते आवडायचं, जरा जास्तच आवडायचं.

सत्तावन्न सालच्या हिवाळ्यात त्याचा मावसभाऊ मजीद गावाहून आला आणि हवल्लीत एका कापडाच्या दुकानात लागला. सिराजने त्याला शिकारीच्या इतक्या गोष्टी ऐकवल्या की एका शुक्रवारी मजीदच म्हणाला, "भाई, एकदा डोळ्यांनी बघू तरी द्या."

नेमका त्या दिवशी सिराजचा हात चालेना. पहिला ससा त्याच्या पुढ्यातून निघून गेला. दुसऱ्याच्या वेळी गोळी वाळूत घुसली. मजीद नुसता गालात हसला, आणि ते हसू सिराजला दिवसभर टोचत राहिलं. ऊन उतरणीला लागल्यावर तिसरा ससा उठला, तेव्हा मुतलकने आपला बर्क सोडला.

बर्क हा सलूकी जातीचा शिकारी कुत्रा. लांब पायांचा, अंगाने सडपातळ, मधाच्या रंगाचा. मुतलकच्या घरात इतर कुत्र्यांना तंबूबाहेर जागा, पण बर्क आत त्याच्या अंथरुणाशेजारी झोपायचा. बर्क सुटला की बंदुका खाली, हा मुतलकच्या शिकारीचा एकच कायदा होता आणि सिराजने तो इतकी वर्षं पाळला होता. त्या दिवशी त्याने बंदूक खाली घेतली नाही. ससा वळला, बर्क त्याच्यावर झेपावला, आणि सिराजला वाटलं की अजून जागा आहे, आपल्याला जमेल. त्याने चाप ओढला.

ससा निसटला. बर्क दोन कोलांट्या खाऊन पडला तो उठलाच नाही.

मुतलक धावत गेला. सिराज जागच्या जागी उभा. मुतलकने मागे वळून पाहिलं तेव्हा त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता, नुसता प्रश्न होता. तो प्रश्न सिराजला सहन झाला नाही.

"आपोआप उडाली," तो म्हणाला. "मी हात लावला नव्हता. चाप बिघडलाय हिचा."

मुतलकने लगेच विश्वास ठेवला. त्याने बर्कला स्वतःच्या हातांनी वाळूत पुरलं आणि परत येऊन सिराजच्या खांद्यावर हात ठेवला. "अबू अकबर, तुझ्या पायाला लागली नाही, अल्लाहची मेहरबानी," तो म्हणाला. सिराजचा थोरला मुलगा अकबर, म्हणून मुतलक त्याला या नावाने हाक मारी. सिराजने मान हलवली. खोटं बोलल्यावर समोरचा माणूस भांडला असता तर बरं झालं असतं, असं त्याला वाटलं.

गाडीत परत येताना मजीद हळूच मराठीत म्हणाला, "भाई, बरं सुचलं तुम्हाला. मी तर घाबरलोच होतो." त्याच्या आवाजात कौतुक होतं. सिराजच्या कानशिलांपर्यंत रक्त चढलं. मजीदने त्याचं बोट पाहिलं होतं.

घरी त्याने रायफल चादरीत गुंडाळून पलंगाखाली सरकवली. दर शुक्रवारी तेलपाणी व्हायचं, ते बंद झालं. त्याच्या बायकोच्या, फखरुन्निसाच्या, हे लक्षात यायला वेळ लागला नाही.

"चाप बिघडला म्हणता, तर उघडून का बघत नाही?" तिने विचारलं. "लोकांचे पंप तर नटबोल्टासकट खोलता."

"बंदुकीचं काम वेगळं असतं."

मग ती म्हणाली, "मुतलकची बायको रडत होती. मी तिला म्हटलं, आमच्या यांचा काही दोष नाही हो, ती बंदूकच फसवी निघाली."

सिराजने ताटातला भात तसाच ठेवला.

दोन-तीन आठवड्यांनी मुतलक स्वतः गॅरेजमध्ये आला. "ती रायफल घरात ठेवू नकोस," तो म्हणाला. "तुला मुलं आहेत. शिकारीत माझी माणसं तुझ्या शेजारून चालतात. शहरात माझ्या ओळखीचं एक दुकान आहे. जुनी देऊ, नवी घेऊ. कमी पडेल ते माझ्याकडून."

"तुझ्याकडून कशाला?"

"तू माझ्यामुळे शिकारीला येतोस."

सिराजला नाही म्हणता आलं नाही. नाही म्हणायचं तर कारण सांगावं लागलं असतं.

दुकान जुन्या बाजारात होतं. दुकानदार बसऱ्याकडचा म्हातारा, जाड भिंगांचा चष्मा लावणारा. त्याने रायफल रिकामी असल्याची खात्री केली, चाप पुन्हा पुन्हा ओढून पाहिला, दस्ता जमिनीवर आपटून पाहिला, नळीतून उजेडाकडे पाहिलं.

"हिला काही झालेलं नाही," तो म्हणाला. "इतकी निगा राखलेली बंदूक फार दिवसांनी बघतोय. बिघडली असं कोण म्हणतं?"

"हा म्हणतो," मुतलक म्हणाला. "आणि हा माझ्याशी खोटं बोलत नाही. तिच्यामुळे मी माझा सलूकी पुरलाय."

म्हाताऱ्याने चष्म्यावरून सिराजकडे पाहिलं. "आपोआप उडते?"

काउंटरवर नवी रायफल ठेवलेली होती. तिच्या तेलाचा ताजा वास येत होता. सिराजची नजर तिच्यावर होती. खरं तर तिच्यावरही नव्हती, तो कुठेतरी नजर ठेवायला जागा शोधत होता.

"कधीकधी," तो म्हणाला.

"मग मी ही विकू शकत नाही. मोडीत घेईन," म्हातारा म्हणाला.

मोडीच्या भावाने जुनी गेली. वरचे पैसे मुतलकने भरले आणि नवी रायफल उचलून सिराजच्या हातात दिली, तोंडभर हसून, जणू ईदचा कपडा देतोय. सिराजला ती हातात जड लागली. इतकी वर्षं जिने त्याला दगा दिला नव्हता तिच्या नावावर स्वतःचं पाप लिहून तो बाहेर पडला होता, आणि त्याचं बक्षीसही घेऊन आला होता.

परतताना असरची, तिसऱ्या प्रहरच्या नमाजची, वेळ झाली. फिंतासजवळ मुतलकने गाडी समुद्रकाठाला उभी केली. दोघांनी हातपाय-तोंड धुऊन वुजू केला. सिराजचं कुराणपठण चांगलं, म्हणून दोघं असले की मुतलक नेहमी त्यालाच नमाज पढवायला पुढे उभा करी. त्या दिवशीही त्याने चटई अंथरली आणि स्वतः एक पाऊल मागे सरला.

सिराज पुढे गेला नाही.

"आज तू उभा राहा," तो म्हणाला.

"का?"

"माझ्या मागे तुझी नमाज होऊ देऊ नकोस." मग त्याने सांगून टाकलं. मजीदच्या हसण्यापासून चाप ओढेपर्यंत सगळं, समुद्राकडे बघत. "चाप मी ओढला. बर्क सुटल्यावर ओढला. रायफल चांगली होती."

मुतलकने विचारलं, "आणि मघाशी दुकानातही?"

"दुकानातही."

मुतलकने मान डोलावली. चटई सिराजसाठी तशीच ठेवून तो किनाऱ्याने थोडा लांब गेला आणि ओल्या वाळूवर एकटाच नमाजला उभा राहिला. सिराजने चटईवर नमाज पढली. कपाळ टेकून सजद्यात गेल्यावर त्याला उठावंसं वाटेना.

फहाहीलला त्याला उतरवताना मुतलक एवढंच म्हणाला, "घरी सलाम सांग."

दुसऱ्या दिवशी गॅरेज बंद ठेवून सिराज पुन्हा शहरात गेला. म्हाताऱ्याने रायफल मोडली नव्हती, मागच्या फळीवर नुसती ठेवून दिली होती. "तू परत येशील असं काही मला वाटलं नव्हतं," तो म्हणाला. "मोडायला हात धजेना, एवढंच." त्याने अदलाबदल करून दिली. मुतलकचे पैसे घेऊन सिराज थेट तंबूवर गेला. तिथे मुतलकचा मेव्हणा आणि आणखी काही माणसं बसलेली होती. त्यांच्यातच खोटं पसरलं होतं, म्हणून त्याने त्यांच्यासमोरच खरं सांगितलं. सांगताना त्याची अरबी पार कोलमडली. कुणीही त्याला शब्द पुरवला नाही.

मुतलकने कॉफी ओतली. पाहुण्याला कॉफी द्यायचीच असते. कप रिकामा झाल्यावर तो म्हणाला, "सांगितलंस ते बरं केलंस. पण शिकारीला आता माझ्याबरोबर येऊ नकोस."

सिराज हो म्हणाला.

घरी आल्यावर त्याने फखरुन्निसालाही सांगितलं. ती ताडकन उठली आणि डोक्यावर ओढणी घेऊ लागली.

"कुठे निघालीस?"

"मुतलकच्या बायकोकडे. मी माझ्या तोंडाने तिला खोटं सांगितलंय. ते मलाच निस्तरायला हवं." दाराशी ती थांबली. "तुम्ही येऊ नका."

मुतलकने त्याच्याशी बोलणं सोडलं नाही. वसंतात त्याच्या विहिरीचा पंप बंद पडला तेव्हा तो सिराजकडेच आला. हिशोब चोख केला, मुलांची चौकशी केली. पण आता तो त्याला 'उस्ताद' म्हणायचा, बाजारातला कुणीही कुठल्याही मेकॅनिकला म्हणतो तसं. तंबूत नवा सलूकी आला होता हे सिराजला इतरांकडून कळलं.

चापाची गोष्ट मात्र बाजारात केव्हाच पसरली होती आणि खऱ्या गोष्टीहून ती जास्त पळाली. पुढच्या हिवाळ्यात गॅरेजमध्ये आलेला एक ट्रक ड्रायव्हर म्हणाला, "उस्ताद, तुमच्या रायफलचा चाप खराब आहे म्हणे. स्वस्तात देता का? मी दुरुस्त करून घेईन."

सिराजच्या हातात पाना होता. बाकीची गिऱ्हाइकं ऐकत होती. त्याने पाना खाली ठेवला, चिंधीला हात पुसले.

"चाप चांगला आहे," तो म्हणाला. "मी एका दोस्ताचा कुत्रा मारला आणि नाव बंदुकीचं घेतलं."

ड्रायव्हरने इकडेतिकडे पाहिलं आणि पंप कधी मिळेल ते विचारलं. सिराजने परवा या म्हणून सांगितलं आणि तो पुन्हा कामाला वाकला. मान, कान, सगळं तापलं होतं.